वहीतली दुसरी ओळ

बाळा,

अनेक आशीर्वाद. फोनवर बोलायला गेलं की तू दोन मिनिटात "बरं मम्मी, ठेवतो" म्हणतोस आणि मी पण मग जेवलास का, एसी जास्त लावू नको, असलं काहीतरी बोलून ठेवून देते, म्हणून लिहायला बसले. मोबाईलवरच टाइप करतेय, ताईनं मराठी कीबोर्ड घालून दिलाय, जोडाक्षरं चुकली तर समजून घे. एका बैठकीत होणार नाही हे. रात्री झोप येत नाही, तीन वर्षं त्या ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीत झोपायची सवय लागली होती, आता घर इतकं शांत असतं की जाग येते. मशीन अजून कोपऱ्यात आहे, वरती चादर टाकून. दोघातिघांनी मागितलं, देईन म्हणते, देत नाही.

ऑगस्टमध्ये पप्पांना जाऊन वर्ष झालं म्हणून चर्चमधल्या मिस्साला, त्यांच्यासाठीच्या प्रार्थनेला आलास आणि दुसऱ्या दिवशी कपाटात पासबुक शोधताना तुला पप्पांची वही सापडली. तू ती माझ्यासमोर धरलीस आणि म्हणालास, "मम्मी, तू एक ओळ वाचलीस आणि दुसरी लपवलीस." मी चहा टाकायला आत गेले. तू त्याच रात्रीच्या गाडीनं गेलास. त्याला आता दोन महिने होतील, आणि मी रोज मनात तुला उत्तर देते आणि रोज ते उत्तर बदलतं. आज जे आहे ते लिहून टाकते.

आधी पहिल्या ओळीचं.

पप्पांना वही लिहायची सवय तुला माहितीच आहे. छत्तीस वर्षं गार्ड, प्रत्येक स्टेशनची आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, सिग्नलला किती मिनिटं थांबलो, सगळं टिपायचं. (२०२२ ला रेल्वेनं गार्डचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं तेव्हा किती हसले होते, "रिटायर होऊन बारा वर्षं झाली आणि आता मॅनेजर झालो" म्हणून सगळ्यांना सांगत सुटलेले.) फुफ्फुसाचा फायब्रोसिस निघाल्यावर त्यांनी तसलीच वही स्वतःची चालू केली. ०६:१० उठलो, ऑक्सिजन ८८. ०७:३० बाथरूमला जाऊन आलो, ७९. ०७:४५ परत ८७. मी नर्स, पण माझ्यापेक्षा त्यांचा चार्ट नीट. त्या वहीत जुलैच्या एका पानावर आहे, तू वाचलंयस, तरी लिहिते, "२३:१५. शुद्धीत लिहितोय. १) मशीन नको. घरी. २) जाळा. राख हरिपूरला. पेटीवर खर्च नको." आणि खाली ती गार्डाची लांब शेपटाची सही.

ते मला त्यांनी स्वतः दाखवलं नाही. ॲडमिट केल्यावर मी त्यांचा चष्मा न्यायला घरी आले तेव्हा वही उशीखाली मिळाली.

आता ते दोन दिवस. तू मस्कतला होतास, तुला ताई फोनवर सांगत होती, आणि ताई घाबरली की अर्धंच सांगते, त्यामुळं तुझ्या डोक्यात जे चित्र आहे ते अर्धं आहे. सोमवारी रात्री धाप वाढली, घरातल्या मशीनवर ऑक्सिजन सत्तरच्या वर जाईना, आम्ही त्यांना सांगलीच्या एका हॉस्पिटलला नेलं, नाव घेत नाही, तिथल्या सिस्टर्स चांगल्या होत्या. बायपॅप लावला. तो मास्क तू बघितला नाहीस म्हणून सांगते, नाकावर घट्ट आवळतात, हवा आत ढकलतो, तोंड कोरडं पडतं, बोलता येत नाही, पाणी प्यायचं तरी काढायला लागतो आणि काढला की ऑक्सिजन खाली. दुसऱ्या दिवशी दुपारी नाकाची कातडी सोलली होती. मंगळवारी संध्याकाळी डॉक्टर म्हणाले रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, नळी घालून व्हेंटिलेटरवर घ्यायला लागेल. मी विचारलं, घेतलं तर उतरतील का? ते तरुण डॉक्टर, तुझ्याच वयाचे असतील, माझ्याकडं न बघता म्हणाले, "सिस्टर, तुम्हाला माहितीय."

मला माहिती होतं. न्यूमोनिया असता तर मी एक मिनिट विचार केला नसता, न्यूमोनियाचा माणूस आठ दिवसांनी नळी काढून चहा मागतो, मी कितीतरी बघितलेत. पण ज्याची फुफ्फुसंच आतून दोरखंडासारखी झालीत त्याला मशीनवर घेतलं की मशीन श्वास देतं, पण ज्या फुफ्फुसात द्यायचा ते परत येत नाही. मग गळ्याला भोक, मग नाकातून पोटात अन्नाची नळी (राइल्स ट्यूब), नळी ओढू नये म्हणून हात बांधतात, आणि झोपेचं औषध चालू. मी हे हात दुसऱ्यांचे बांधलेत रे. पस्तीस वर्षं नोकरीत किती बांधलेत त्याचा हिशोब नाही, आणि बांधताना "बाबा, तुमच्या भल्यासाठी" म्हणायचं.

तू म्हणतोस, "दोन दिवस लावायचं होतं, मी येईपर्यंत." हे वाक्य तू एकदाच म्हणालास, मयताच्या दिवशी, पण मला रोज ऐकू येतं. मी तुला खोटं सांगणार नाही, ते माझ्या मनात येऊन गेलं होतं. तुझं तिकीट गुरुवार रात्रीचं. लावलं असतं तर बहुतेक तू येईपर्यंत छाती वरखाली होत राहिली असती. पण तू ज्यांच्याजवळ बसला असतास ते झोपेच्या औषधात असते, तुझा हात त्यांनी धरला नसता, आणि मग दोन दिवसांनी ते मशीन काढायचं कुणी हा प्रश्न तुझ्यापुढं आला असता. न लावणं आणि लावलेलं काढणं कायद्यानं फार वेगळं नाही म्हणतात, पण घरच्या माणसाच्या हाताला खूप वेगळं असतं.

त्याऐवजी मंगळवारी रात्री मी मास्क काढून तुला व्हिडिओ कॉल लावला. चार मिनिटं. सिस्टर दारात उभी, मॉनिटर ओरडतोय. तू रडत होतास आणि पप्पांनी काय विचारलं? "तिकडं किती वाजले?" तू म्हणालास साडेनऊ. ते म्हणाले, "म्हणजे इथं अकरा." आणि हसले. तुला ते तुटक वाटलं असेल, तुला वाटलं असेल भानावर नाहीत, पण अरे दीड तासाचा फरक त्या अवस्थेत बरोबर जोडला त्यांनी, पूर्ण भानावर होते. गार्ड माणूस, दुसऱ्या टोकाला किती वाजलेत हे कळलं की त्यांना गाडी फलाटाला लागल्यासारखं वाटायचं.

मग कागदांचा खेळ झाला. हॉस्पिटल म्हणालं व्हेंटिलेटर नको असेल तर आमच्याकडं ठेवता येणार नाही, "स्वतःच्या जबाबदारीवर नेतो" म्हणून सही करा. मी केली. ताईनं पण केली. खरं तर असं हाकलायची गरज नसते, २०१८ च्या ९ मार्चला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की बरं न होणाऱ्या माणसाला असलं मशीन नाकारायचा हक्क आहे, त्याची रीत पण घालून दिलीय, हॉस्पिटलात डॉक्टरांची दोन बोर्डं बसतात, एक तिथल्यांचं आणि एक ज्यात जिल्ह्याकडून नेमलेला डॉक्टर असतो, आणि २०२३ नंतर त्यांनी शक्यतो अठ्ठेचाळीस तासात मत द्यायचं असतं. पण रात्री अकरानंतर आयसीयूच्या दारात कोण बोर्ड बसवतो. सगळीकडं हेच चालतं, सही करा आणि घरी न्या. मी स्वतः नोकरीत असताना लोकांपुढं तो फॉर्म सरकवलाय, तेव्हा तो माणूस घरी जाऊन कसा मरतो ते मला दिसत नव्हतं.

घरी आणल्यावर आपल्या जुन्या डॉक्टरांनी मॉर्फिन चालू केलं, अगदी थोडं. त्यावरून आत्या अजून बोलते, "वहिनीनं सुई देऊन झोपवलं." तुझ्याही कानावर घातलं असणार. तर ऐक, धाप लागलेल्याला थोडं मॉर्फिन दिलं की बुडाल्यासारखं वाटणं कमी होतं, ते त्यासाठीच असतं. बुधवारी दुपारी त्यांनी पेज खाल्ली, चार चमचे. क्रिकेटचा स्कोर विचारला. गुरुवारी पहाटे ४:२० ला गेले. वेळ मी वहीत लिहिली, त्यांच्या खालच्या ओळीत. तुला दिसली असेल.

आता देवाधर्माचं, कारण काका त्यावरूनच पेटला होता. मंगळवारी सकाळी मी फादरना बोलावलं तर काका आयसीयूच्या बाहेर मला म्हणतो, "फादरला बोलावलंस म्हणजे तू आशा सोडलीस." आमच्या लहानपणी, श्रीरामपूरकडं, फादर आजाऱ्याला तेल लावतात त्याला लोक शेवटचं तेलच म्हणायचे, फादर पिशवी घेऊन गल्लीत शिरले की बायका दारं लावून घ्यायच्या. पण ते साठच्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर बदललं ना, आता ते आजाऱ्याचं तेल, एकदा नाही कितीदाही घेता येतं, बरं व्हावं म्हणून पण घेता येतं. काकाला हे सांगून उपयोग नाही, त्यांच्यात तेल नाही. मिरजेत ख्रिश्चन म्हटलं की लोकांना मिशनचं हॉस्पिटल आठवतं, वानलेस डॉक्टरांचं, १८९४ चं, ते सगळं प्रॉटेस्टंट. तुझ्या पप्पांचं घर त्यातलंच. पप्पा माझ्याशी लग्न करून कॅथलिक झाले हे काकानं चाळीस वर्षांत एकदाही तोंडावर काढलं नाही, आणि त्या तीन दिवसांत सगळं काढलं.

फादरना मी सरळ विचारलं होतं, मशीन नको म्हटलं तर पाप लागेल का. मला वाटलं "देव बघेल" म्हणून टाळतील. पण त्यांनी कॅटेकिझम, म्हणजे चर्चच्या शिकवणीचं पुस्तक, मोबाईलवर काढून दाखवला, २२७८ नंबरचा परिच्छेद. जो उपचार झेपत नाही आणि ज्याच्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा त्रासच जास्त आहे तो थांबवता येतो, कारण तिथं आपण मरण आणत नाही, ते अडवता येत नाही एवढं मान्य करतो. आणि पुढचाच परिच्छेद वेदना कमी करणाऱ्या औषधाचा, आयुष्य थोडं कमी व्हायची शक्यता असली तरी वेदनेसाठी देता येतं, मारायच्या हेतूनं नाही. हे काही आजकालच्या मॉडर्न फादरांनी काढलेलं नाही, पोप पायस बाराव्यांनी १९५७ ला भूल देणाऱ्या डॉक्टरांना हेच सांगितलं होतं. इंजेक्शन देऊन मारणं मात्र नाही म्हणजे नाही. पोप जॉन पॉल दुसरे आठवतात तुला? तू शाळेत होतास, २००५. घशाला भोक पाडून झालं होतं, हॉस्पिटलच्या वाऱ्या झाल्या होत्या, आणि शेवटच्या दुखण्यात ते परत हॉस्पिटलला गेलेच नाहीत, स्वतःच्या खोलीत गेले. आपण सगळे टीव्हीसमोर बसलो होतो आणि पप्पा म्हणाले होते, "बरोबर केलं." तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

पण मी कायम याच बाजूची होते असं समजू नको. अरुणा शानबाग माहितीय ना, मुंबईच्या केईएमची नर्स, १९७३ ला हॉस्पिटलातच हल्ला झाला आणि बेचाळीस वर्षं तिथंच पडून होती. कोर्टात केस गेली की तिला जाऊ द्या, आणि केईएमच्या नर्सेस म्हणाल्या आम्ही सांभाळतोय, आम्ही नाही जाऊ देणार. २०११ ला कोर्टानं काही अटींवर असा मार्ग मोकळा केला पण तिच्यासाठी मात्र अर्ज फेटाळला, त्या नर्सेसचं ऐकून. आमच्या ड्युटी रूममध्ये भांडणं झाली होती. मी त्या नर्सेसच्या बाजूनं तावातावानं बोलले होते. इतकी वर्षं अंथरुणात आणि अंगाला जखम होऊ दिली नाही, हे काय असतं ते दुसऱ्याला कळणार नाही. आजही मी त्यांच्याच बाजूची आहे. ती श्वास स्वतः घेत होती, तिला भरवत होते. पप्पांचं तसं नव्हतं. दोन्ही मला खरं वाटतं, आणि आत्याला हे सांगायला गेले की ती म्हणते वहिनी शब्द फिरवते.

तर पहिली ओळ मी अशी पाळली, आणि त्याबद्दल मला तुझी माफी मागायची नाही. तू उशिरा पोचलास याचं वाईट वाटतं, ते वेगळं.

दुसऱ्या ओळीवर मात्र तू मला बरोबर पकडलंस.

ऑगस्टपासून मी स्वतःला सांगत होते की चर्चनं परवानगी दिली नसती. खोटं. चर्च १९६३ पासून दहनाला हो म्हणतं, दफन बरं म्हणतं पण दहनाला मनाई नाही, फक्त पुनरुत्थान मानत नाही म्हणून जाळा असं असेल तर नाही. मी फादरना गुरुवारी सकाळी विचारलं सुद्धा होतं, हळूच, काका बाहेर मंडपवाल्याशी बोलत होता तेव्हा. ते म्हणाले त्यांची तशी इच्छा असेल तर करू, मिस्सा आधी, मग दहन, आणि अस्थी आपल्या सिमेंटरीत पुरायच्या. हरिपूरच्या संगमात सोडता येणार नाहीत, २०१६ ला रोमनं तसं स्पष्ट केलंय, नदीत नाही, हवेत नाही, घरात कपाटात नाही, भावंडांत वाटून पण नाही. (नंतर २०२३ च्या शेवटी थोडीशी राख माणसाच्या जवळच्या जागी ठेवायला विचार करता येईल असं काहीतरी आलंय, पण तीही ठेवायची, उधळायची नाही.) म्हणजे दुसऱ्या ओळीतलं अर्धं करता आलं असतं. जाळा, हे करता आलं असतं. मी केलं नाही.

का केलं नाही? काका म्हणाला "आपल्यात जाळत नाहीत, लोक काय म्हणतील, परत जुन्या धर्मात गेले म्हणतील" हे खरं आहे. पण मी काकाचं कधी ऐकलंय? व्हेंटिलेटरचं नाही ऐकलं, तेलाचं नाही ऐकलं. खरी गोष्ट ही की मला जायला जागा हवी होती. माझ्या आईची कबर गावाकडं आहे, मी लग्न होऊन इतक्या लांब आले आणि वर्षावर्षात एकदा मतमाउलीच्या यात्रेला हरेगावला गेले की तिथं जाऊन बसायची, गवत उपटायचं, मेणबत्ती लावायची, आणि घरातलं सगळं सांगायचं. मला वाटलं ह्यांच्या राखेचं नुसतं भांडं पुरलं तर मी कुणाशी बोलू. एवढंच. स्वार्थ म्हण. ओळ वाचली, वही मिटली, कपाटात पासबुकांच्या खाली सरकवली, आणि ताईला म्हणलं पेटीची ऑर्डर दे.

आणि देवानं मला त्याची शिक्षा लगेच दिली असं मला वाटतं, फादर म्हणतात देव असं करत नाही. तुला आठवतं तो पाऊस. आठवडाभर आयर्विन पुलाखालचं कृष्णेचं पाणी किती फूट झालं एवढंच सगळे विचारत होते. सकाळी खणलेला खड्डा दुपारी चार वाजेपर्यंत गुडघाभर भरला, पोरं बादल्यांनी उपसतायत, खालून परत झरतंय. पेटी खाली सोडली तेव्हा तो आवाज आला. तू डोळे मिटलेस, मी बघितलं. "पप्पांना पाण्यात ठेवलं" हे तू बायकोला म्हणालास ते मला ऐकू गेलं होतं. त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि मी वाचलं होतं आणि तरी त्यांना त्या पाण्यात ठेवलं, ही गोष्ट तुला तेव्हा माहिती नव्हती, मला होती. ती मूठभर माती टाकताना माझा हात उघडत नव्हता.

बाकीची भांडणं आता आठवली की हसू येतं. चर्चमध्ये तुला पप्पांबद्दल बोलायचं होतं, दोन पानं लिहून आणली होतीस विमानात, आणि फादर म्हणाले प्रवचनाच्या जागी माणसाचं गुणगान होत नाही, कम्युनियन (पवित्र भाकर) देऊन झाल्यावर दोन-तीन मिनिटं बोल. तू चिडून बोललाच नाहीस. ती पानं कुठं आहेत? आणि तू गप्प बसलास तर काका सिमेंटरीत छत्री धरून पंचवीस मिनिटं बोलला, त्यांच्या पद्धतीनं, त्यातली दहा मिनिटं मिरज हुबळी मीटर गेजवर. मग महिन्याच्या मिस्साला आलाच नाही, म्हणे मेलेल्यांसाठी प्रार्थना बायबलात कुठं आहे. मी म्हणलं दुसऱ्या मक्काबींच्या बाराव्या अध्यायात आहे. तो म्हणाला असलं पुस्तकच नाही. बरोबर आहे, त्याच्या बायबलात नाही, त्याच्याकडं सहासष्ट आहेत, आपल्याकडं त्र्याहत्तर. आणि तुझ्या सासूबाईंनी मयताच्या दिवशी हळूच विचारलं होतं, दहाव्याला भात कुठं ठेवायचा. त्या माउलीला एकटीला भूक लागलेल्यांची काळजी होती. सगळ्यांना त्यांनीच पिठलं भात करून वाढला त्या दिवशी, हे मी विसरणार नाही.

आता माझं. काळजी करू नको, मला काही झालेलं नाही, शुगर तेवढी आहे. पण मी माझा कागद करतेय. वहीतली ओळ नाही, नीट कागद. आधी मॅजिस्ट्रेटसमोर जायला लागायचं, २०२३ च्या जानेवारीत कोर्टानं ते सोपं केलं, आता दोन साक्षीदारांसमोर सही करायची आणि नोटरीचा किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का. एक प्रत घरच्यांना, एक डॉक्टरांना, एक महापालिकेत द्यायची. मन बदललं तर कधीही रद्द करता येतो. त्यात मी लिहिणार आहे की बरं व्हायची आशा असेल तर सगळं करा, अगदी मशीन पण, मी घाबरट नाही. आशा नसेल तर नळी नको, छातीवर दाबादाबी नको, म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात त्यात, मी आवाज ऐकलाय. खाणंपिणं जोवर अंगी लागतंय तोवर द्या, नळीनं द्यायला लागलं तरी, त्यात चर्चचं म्हणणं मला पटतं. दुखलं तर औषध द्या आणि आत्याला खोलीच्या बाहेर बसवा. फादरना मी शुद्धीत असताना बोलवा, डॉक्टरांनी हात वर केल्यावर नाही, मला ती शेवटची कम्युनियन तोंडात घ्यायचीय. वाटेची शिदोरी म्हणतात तिला, गिळता यायला हवी ना.

मयताचं पण लिहिणार आहे. पोप फ्रान्सिस २०२५ च्या एप्रिलमध्ये गेले, त्यांनी २०२२ लाच लिहून ठेवलं होतं, कुठल्या चर्चमध्ये, जमिनीत, साधी कबर, वरती फक्त फ्रान्सिस्कस एवढंच नाव. पोपना लिहायला लागतं तर आपण कोण. माझं दफनच करा, पप्पांच्याच कबरीत वरती, आणि पाऊस असेल तर एक दिवस थांबा, घाई करू नका. पेटीवर खर्च नको हे मात्र मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं उचललंय.

त्या कागदात माझ्या वतीनं बोलणाऱ्याचं नाव घालायला लागतं. एकापेक्षा जास्त घालता येतात, ताईचं घालणार आहे. पण पहिलं नाव तुझं घालायचंय. ताई म्हणाली, "मम्मी, तो तर तुला सहा महिने मशीनवर ठेवील." ठेवशील, मला माहितीय. ताई जवळ राहते, रोज बघते, दमते, ती लवकर सही करेल आणि मग आयुष्यभर मनात ठेवील, माझ्यासारखी. तू प्रत्येक डॉक्टरला तीनतीनदा विचारशील, भांडशील, वही मागशील, दोन्ही ओळी वाचशील. मला तसला माणूस पाहिजे. आणि सगळं विचारून झाल्यावर तू सही केलीस तर ती मला चालेल.

यंदा २ नोव्हेंबर, आपला मेलेल्यांच्या आठवणीचा दिवस, रविवारी आलाय. कबरी साफ करायला आदल्या दिवशी सगळे जमतात, पप्पांच्या कबरीवर पावसात गवत लई माजलंय, माझ्या गुडघ्यानं होत नाही. सोमवारी नोटरीकडं जाऊ, आधार कार्ड आण. आणि वेळ मिळाला तर हरिपूरला जायचंय मला तुझ्याबरोबर. राख तर नाही. पण कबरीवरचं गवत उपटताना मुळाला जी माती येते ती मी एका पिशवीत घालून ठेवणार आहे. फादरना विचारलेलं नाही. सगळंच विचारायचं नसतं. तुम्ही दोघं कुठल्या पायरीवरून पाण्यात उड्या मारायचात ते तुलाच माहिती, मला त्यांनी कधी दाखवलं नाही, मी ओरडेन म्हणून.

ती दोन पानं पण आण, विमानात लिहिलेली. तिथं वाच, कितीही वेळ.

मुंबईहून दिवसाची कोयना पकडू नको, दिवस जातो. महालक्ष्मीनं ये, पहाटे मिरजेला उतरशील. ताई म्हणते मी स्टेशनवर यायची गरज नाही, पण मी येणार. गाडी किती वाजता लागणार ते कळव, वहीत लिहून ठेवते.

तुझी
मम्मी